उष्णता प्रवाह घनतेचं एकक बदलताना: गुणक पाठ करू नका, एकक फोडा

तेलशुद्धीकरण कारखान्यात नको असलेला वायू उंच चिमणीच्या टोकावर जाळतात. त्या ज्वाळेला फ्लेअर म्हणतात. तिच्या धगीत माणसाने कुठवर थांबावं हे ठरवण्यासाठी अभियंते जे तक्ते वापरतात, त्यांत १.५८, ४.७३, ६.३१ आणि ९.४६ किलोवॅट/चौ.मी. असे आकडे भेटतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, इतक्या बारीक दशांशापर्यंत गेलेत म्हणजे मोजमापही तितकंच काटेकोर असणार. पण हेच आकडे बीटीयू/(तास·चौ.फूट) मध्ये नेऊन पाहा (बीटीयू म्हणजे ब्रिटिश थर्मल युनिट, उष्णतेचं जुनं ब्रिटिश एकक): ५००, १५००, २०००, ३०००. मुळात ते गोल आकडे होते. एकक बदललं, आणि गोल आकड्याला काटेकोरपणाचा मुलामा चढला.

एकक बदलणं म्हणजे नुसता गुणाकार, असं समजून आपण हे काम संगणकावर सोडून देतो. गुणाकार संगणक बरोबरच करतो. चूक होते ती त्याआधी, म्हणजे एकक वाचताना. म्हणून या लेखात गुणकांची यादी दिली असली, तरी माझा खरा आग्रह एकक फोडून वाचण्याचा आहे. ते जमलं की यादी हरवली तरी अडत नाही.

आधी राशी कोणती ते ओळखा

उष्णता प्रवाह घनता, बोलताना आपण जिला हीट फ्लक्स म्हणतो ती, म्हणजे ठरावीक क्षेत्रफळातून ठरावीक वेळात किती उष्णता जाते याचं माप. एसआय पद्धतीत तिचं एकक वॅट/चौ.मी. वॅट म्हणजे ज्यूल प्रति सेकंद, म्हणून या एककाच्या पोटात तीन गोष्टी आहेत: ऊर्जा, वेळ आणि क्षेत्रफळ. ऊर्जा अंशात, वेळ आणि क्षेत्रफळ छेदात. जगातलं कुठलंही हीट फ्लक्सचं एकक घ्या, त्यात याच तीन गोष्टी सापडतील. एखादी कमी असेल किंवा चौथी जास्त असेल, तर ती राशी हीट फ्लक्स नाही.

चौथी गोष्ट बहुधा तापमान असते. वॅट/(चौ.मी.·केल्विन) हे उष्णता संक्रमण गुणांकाचं एकक. तापमानात एका अंशाचा फरक असताना किती उष्णता जाते ते तो सांगतो. दोन्हींची एककं इतकी सारखी दिसतात की एकाचा गुणक दुसऱ्याला लावला जातो. बीटीयू/(तास·चौ.फूट) वरून वॅट/चौ.मी. वर जायला ३.१५४६ ने गुणायचं, पण बीटीयू/(तास·चौ.फूट·°फॅ) वरून वॅट/(चौ.मी.·केल्विन) वर जायला ५.६७८३ ने. मधला फरक १.८ पटीचा, कारण एक केल्विनचा फरक म्हणजे १.८ फॅरनहाइट अंशांचा फरक. तुमच्या उत्तरात नेमकी १.८ पट तफावत दिसली, तर दुसरीकडे शोधत बसू नका. इथेच घोळ झालेला असतो.

उलट, कधी वेळ गायब असते. ज्यूल/चौ.मी. किंवा किलोवॅट-तास/चौ.मी. ही साठलेल्या ऊर्जेची मापं आहेत. सौर ऊर्जेच्या नोंदींत ‘किलोवॅट-तास/चौ.मी./दिवस’ असं लिहिलेलं असतं; तिथे ‘दिवस’ ही वेळ आहे, म्हणून ही राशी हीट फ्लक्सच आहे, पण दिवसभराची सरासरी. १ किलोवॅट-तास/चौ.मी./दिवस म्हणजे १०००÷२४ = ४१.६७ वॅट/चौ.मी. यात रात्रीचे तासही धरलेले असतात, त्यामुळे हा आकडा भर दुपारच्या उन्हाशी ताडून पाहू नये.

एकक फोडण्याची रीत

एक उदाहरण पूर्ण करू: १ बीटीयू/(तास·चौ.फूट) म्हणजे किती वॅट/चौ.मी.?

ऊर्जा: १ बीटीयू = १०५५.०५६ ज्यूल.
वेळ: १ तास = ३६०० सेकंद.
क्षेत्रफळ: १ फूट = ०.३०४८ मी. ही व्याख्याच आहे, म्हणून १ चौ.फूट = ०.३०४८ × ०.३०४८ = ०.०९२९०३०४ चौ.मी.

अंशातलं अंशात ठेवा, छेदातलं छेदात. १०५५.०५६ ÷ ३६०० = ०.२९३०७१. हा झाला १ बीटीयू/तास म्हणजे किती वॅट, त्याचा आकडा. आता ०.२९३०७१ ÷ ०.०९२९०३०४ = ३.१५४५९. झालं. पाठ काही करावं लागलं नाही. मेट्रिक कॅलरीचंही असंच: १ किलोकॅलरी = ४१८६.८ ज्यूल, क्षेत्रफळ आधीच चौ.मी. मध्ये, म्हणून ४१८६.८ ÷ ३६०० = १.१६३. हा गुणक नेमका १.१६३ आहे, पुढे दशांश नाहीत.

क्षेत्रफळाचा तुकडा सर्वांत जास्त फसवतो. मीटरमध्ये १०० सेंटिमीटर असतात हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून वॅट/चौ.सेंमी. चे वॅट/चौ.मी. करताना हात १०० कडे जातो. चौरस मीटरमध्ये चौरस सेंटिमीटर मात्र १०० × १०० = १०,००० असतात. चौरस फुटात चौरस इंच १४४. ‘चौ.’ हा शब्द गुणकालाही लागू होतो हे विसरू नये.

दुसरी अडचण दिशेची: गुणायचं की भागायचं? मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. नवं क्षेत्रफळ मोठं आहे का? नखाएवढ्या जागेतून जितकी उष्णता जाते त्याच्या कितीतरी पट उष्णता अख्ख्या फरशीतून जाणार, म्हणून लहान क्षेत्रफळाकडून मोठ्याकडे जाताना आकडा वाढलाच पाहिजे. वेळेचंही तसंच: सेकंदाकडून तासाकडे गेलात की आकडा ३६०० पटीने वाढतो. ऊर्जेचं उलटं. ती अंशात असल्यामुळे एकक मोठं झालं की आकडा लहान होतो.

हाताशी ठेवायचे गुणक

खाली प्रत्येक एकक म्हणजे किती वॅट/चौ.मी. ते दिलं आहे.

१ किलोवॅट/चौ.मी. = १०००
१ वॅट/चौ.सेंमी. = १०,०००
१ वॅट/चौ.इंच = १५५०.००
१ वॅट/चौ.फूट = १०.७६३९
१ बीटीयू/(तास·चौ.फूट) = ३.१५४५९
१ बीटीयू/(सेकंद·चौ.फूट) = ११,३५६.५
१ बीटीयू/(सेकंद·चौ.इंच) = १६,३५,३४०
१ किलोकॅलरी/(तास·चौ.मी.) = १.१६३
१ कॅलरी/(सेकंद·चौ.सेंमी.) = ४१,८६८
१ अर्ग/(सेकंद·चौ.सेंमी.) = ०.००१

कुठल्याही एककाकडून कुठल्याही एककाकडे जाताना वॅट/चौ.मी. या मधल्या पायरीवरून जा. तुमच्या आकड्याला मूळ एककाच्या गुणकाने गुणा, मग हव्या असलेल्या एककाच्या गुणकाने भागा. उदाहरणार्थ, २५,००० बीटीयू/(तास·चौ.फूट) चे वॅट/चौ.सेंमी. करायचे आहेत: २५,००० × ३.१५४५९ = ७८,८६५ वॅट/चौ.मी.; त्याला १०,००० ने भागलं की ७.८९ वॅट/चौ.सेंमी. स्प्रेडशीटमध्ये हीच यादी एका स्तंभात ठेवली तर एकच सूत्र सगळीकडे चालतं. प्रत्येक जोडीसाठी वेगळा गुणक साठवणाऱ्या शीट मला धोक्याच्या वाटतात. दहा एककांच्या नव्वद दिशा होतात आणि त्यातला एक गुणक चुकला तर तो वर्षानुवर्षं सापडत नाही.

तोंडी हिशेबासाठी दोन सोप्या युक्त्या आहेत. बीटीयू/(तास·चौ.फूट) ला तीनने गुणून त्यात पाच टक्के मिळवा: ५०० चे १५००, त्यात ७५ घातले की १५७५, खरं उत्तर १५७७. किलोकॅलरी/(तास·चौ.मी.) मध्ये सहावा हिस्सा मिळवा: ३०० चे ३५०, खरं उत्तर ३४८.९. कॅल्क्युलेटरवर आलेल्या उत्तराचा ताळा घ्यायला एवढं पुरेसं आहे.

हीटर निवडताना होणारी एक चूक

दंडगोल आकाराच्या कार्ट्रिज हीटरसाठी पृष्ठभागावरचा वॅटचा भार महत्त्वाचा असतो. तो मर्यादेबाहेर गेला की आतली तार जळते. समजा हीटरचा व्यास १२.५ मिमी, तापणाऱ्या भागाची लांबी १०० मिमी आणि शक्ती ३०० वॅट. पृष्ठभाग = ३.१४१६ × १.२५ × १० = ३९.२७ चौ.सेंमी., म्हणून भार ३०० ÷ ३९.२७ = ७.६४ वॅट/चौ.सेंमी.

आता कॅटलॉगमध्ये तुमच्या कामासाठी मर्यादा ‘५०’ अशी छापली आहे आणि एकक स्तंभाच्या डोक्यावर बारीक अक्षरात आहे. ७.६४ आणि ५० शेजारी ठेवले तर वाटतं, सहापट मोकळीक आहे, शक्ती दुप्पट केली तरी चालेल. पण ते ५० वॅट/चौ.इंच असतील, तर तुमचे ७.६४ × ६.४५१६ = ४९.३ वॅट/चौ.इंच आधीच कडेलोटावर उभे आहेत. शक्ती दुप्पट केली की हीटर गेलाच. ही चूक हिशेबाची नव्हे. गुणाकार कोणी केलाच नव्हता. दोन आकड्यांची तुलना करण्याआधी दोघांची एककं तोंडाने वाचायची सवय इथे कामाला येते.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट पाहा. पृष्ठभाग काढताना आपण फक्त तापणारी लांबी धरली, टोकाचे थंड भाग सोडले. हीट फ्लक्समध्ये ‘कुठला चौरस मीटर?’ हा प्रश्न एककाइतकाच महत्त्वाचा असतो. २५ मिमी बाह्य व्यास आणि २० मिमी आतला व्यास असलेल्या नळीत आतल्या पृष्ठभागावरचा फ्लक्स बाहेरच्यापेक्षा १.२५ पट असतो. दोन्हीकडे एकक वॅट/चौ.मी. हेच. कुठलाही गुणक हा फरक भरून काढणार नाही.

लपलेला तास, दोन अर्थांचा ‘एम’ आणि दोन कॅलरी

वातानुकूलनाच्या क्षेत्रात ‘बीटीयू’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ‘बीटीयू/तास’ असं म्हणायचं असतं. तास गिळलेला असतो. अवकाशयानांच्या उष्णता-कवचावरच्या आणि आगीच्या जुन्या अमेरिकन अहवालांत मात्र बीटीयू/(चौ.फूट·सेकंद) चालतं. दोहोंत ३६०० पटींचा फरक. जुना अहवाल हातात आला तर पहिल्या पानावरचा आकडा घेऊन पळू नका, चिन्हांची यादी कुठे आहे ती आधी शोधा. वातानुकूलनातला ‘टन’ही असाच: १ टन = १२,००० बीटीयू/तास = ३५१७ वॅट. कोणी ‘४०० चौ.फुटांना एक टन’ म्हटलं तर तो हीट फ्लक्सच आहे, फक्त उलटा लिहिलेला. १२,००० ÷ ४०० = ३० बीटीयू/(तास·चौ.फूट), म्हणजे ९४.६ वॅट/चौ.मी.

बॉयलर आणि इंधनाच्या कागदपत्रांत बीटीयूच्या आधी एक ‘एम’ लावला तर तो रोमन अंकांतला हजार असतो आणि दोन ‘एम’ म्हणजे दहा लाख. एसआयमध्ये मात्र मोठा ‘एम’ एकटाच दहा लाख दाखवतो आणि लहान ‘एम’ हजारावा भाग. त्यामुळे मिलिवॅट/चौ.मी. आणि मेगावॅट/चौ.मी. यांत छापण्यात फक्त अक्षराच्या आकाराचा फरक, पण प्रमाणात शंभर कोटी पटींचा.

कॅलरीही दोन आहेत: ४.१८६८ ज्यूलची आंतरराष्ट्रीय तक्त्यांची आणि ४.१८४ ज्यूलची रसायनशास्त्रातली. बीटीयूचीही अशीच जोडी आहे. फरक ०.०७ टक्क्यांच्या आत, त्यामुळे तीन सार्थ अंकांच्या कामात त्याची काळजी करू नका. पण दोन संकेतस्थळांची उत्तरं चौथ्या अंकात वेगळी आली तर कारण हेच. वरच्या यादीत मी आंतरराष्ट्रीय तक्त्यांची मूल्यं घेतली आहेत.

जुन्या एककांशी गाठ पडली तर

सौर किरणांच्या जुन्या नोंदी कॅलरी/(मिनिट·चौ.सेंमी.) मध्ये आहेत. १ कॅलरी/चौ.सेंमी. ला लँगली म्हणतात, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सॅम्युएल लँगली यांच्या नावावरून. इथे कॅलरी ४.१८४ ज्यूलची धरतात, म्हणून १ लँगली/मिनिट = ४१,८४० ÷ ६० = ६९७.३ वॅट/चौ.मी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स अ‍ॅबट यांच्या मोजणीतून सौर स्थिरांक, म्हणजे वातावरणाबाहेर सूर्याकडे तोंड केलेल्या पृष्ठभागावर पडणारा उन्हाचा फ्लक्स, सुमारे १.९४ लँगली/मिनिट ठरला. तो गुणून पाहा: १३५३ वॅट/चौ.मी. आजचं उपग्रहांवरून मोजलेलं मूल्य १३६१. डोंगरमाथ्यावरून, हवेच्या थराआडून केलेली ती मोजणी आजच्या आकड्याच्या एका टक्क्याच्या आत होती. एकक बदलल्याशिवाय हे दिसलंच नसतं, आणि मला हे रूपांतर करताना दर वेळी आनंद होतो.

भूगर्भशास्त्रात ‘हीट फ्लो युनिट’ भेटतं: एक मायक्रोकॅलरी/(सेकंद·चौ.सेंमी.), म्हणजे सुमारे ४१.८ मिलिवॅट/चौ.मी. आणि घरातल्या उष्ण-थंडपणाच्या शास्त्रात ‘मेट’: स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून दर चौरस मीटर त्वचेमागे निर्माण होणारी उष्णता, ५८.१५ वॅट/चौ.मी., जी बऱ्याच ठिकाणी ५८.२ छापतात. या आकड्याला १.१६३ ने भागा. बरोबर ५० किलोकॅलरी/(तास·चौ.मी.) येतात. फ्लेअरच्या तक्त्यासारखंच इथेही विचित्र दशांशाच्या मागे एक गोल आकडा दडला आहे.

सेन्सरचा गुणक उलटा फिरतो

हीट फ्लक्स सेन्सरच्या प्रमाणपत्रावर संवेदनशीलता दिलेली असते: अमुक मिलिव्होल्ट प्रति बीटीयू/(सेकंद·चौ.फूट). इथे हीट फ्लक्स छेदात गेला आहे, म्हणून गुणायचं तिथे भागावं लागतं. १ बीटीयू/(सेकंद·चौ.फूट) = १.१३५६५ वॅट/चौ.सेंमी., म्हणून २ मिलिव्होल्ट प्रति बीटीयू/(सेकंद·चौ.फूट) म्हणजे २ ÷ १.१३५६५ = १.७६ मिलिव्होल्ट प्रति वॅट/चौ.सेंमी. चुकून गुणलं तर २.२७ येतं, आणि पुढची प्रत्येक नोंद जवळपास २२ टक्क्यांनी कमी निघते. ही चूक वाईट, कारण २२ टक्के हा आकडा डोळ्यांत भरत नाही. हजारपट चूक लगेच कळते. म्हणून पूर्ण क्षमतेच्या बिंदूवर ताळा घ्या. प्रमाणपत्रात ५ बीटीयू/(सेकंद·चौ.फूट) ला १० मिलिव्होल्ट असतील, तर नव्या एककात ५.६८ वॅट/चौ.सेंमी. ला तेवढेच १० मिलिव्होल्ट आले पाहिजेत. १.७६ × ५.६८ = १०. जुळलं.

उत्तर पटण्यासारखं आहे का?

यासाठी काही ओळखीचे आकडे डोक्यात असावेत. पृथ्वीच्या पोटातून जमिनीवर येणारी उष्णता सरासरी ०.०९ वॅट/चौ.मी. च्या आसपास. स्वस्थ बसलेला माणूस ५८. सौर पॅनेलच्या प्रमाणित चाचणीतलं ऊन १०००. बंद खोलीतल्या आगीत जमिनीवर २० किलोवॅट/चौ.मी. पोचले की खोलीतलं सगळंच एकदम पेट घेण्याच्या बेतात येतं. अग्निशास्त्रात हा आकडा निकष म्हणून वापरतात. वातावरणीय दाबाखाली पाणी उकळताना भांड्याच्या तळातून साधारण १ मेगावॅट/चौ.मी. पर्यंत उष्णता पाण्यात जाऊ शकते. त्यापुढे वाफेची चादर तयार होऊन तळ तापत जातो. ईटर या संलयन प्रकल्पातल्या डायव्हर्टरच्या (यंत्राच्या तळाशी प्लाझ्माची धग झेलणाऱ्या भागाच्या) फरशा १० मेगावॅट/चौ.मी. सतत झेलण्यासाठी घडवल्या आहेत. आणि सूर्याचा पृष्ठभाग, ६३ मेगावॅट/चौ.मी.

तुमच्या भट्टीच्या भिंतीचं उत्तर सूर्याच्या पृष्ठभागाशी स्पर्धा करू लागलं, किंवा तापलेल्या पत्र्याचं उत्तर माणसाच्या अंगापेक्षा कमी आलं, तर परत पहिल्या पायरीवर जा: ऊर्जा, वेळ, क्षेत्रफळ.

किती अंक ठेवायचे आणि कसं लिहायचं

हिशेब चालू असताना गुणकाचे सगळे अंक ठेवा, छाटणी फक्त शेवटी. मूळ आकड्यात जितके सार्थ अंक होते तितकेच उत्तरात. ‘सुमारे ५००’ चे १५७७.२९५ लिहिणं खोटं आहे, १.६ किलोवॅट/चौ.मी. लिहा, फार तर १.५८. सुरक्षिततेची वरची मर्यादा असेल तर शेवटचा अंक खालीच छाटा, कधीही वर नको: १५०० बीटीयू/(तास·चौ.फूट) म्हणजे ४७३१.९ वॅट/चौ.मी., त्याचे ४.७३ करा, ४.७४ नाही.

अहवालात मूळ आकडा आणि मूळ एकक आधी लिहा, रूपांतरित आकडा कंसात, आणि वापरलेला गुणक एकदा तळटीपेत: ‘१५०० बीटीयू/(तास·चौ.फूट) (४.७३ किलोवॅट/चौ.मी.), १ बीटीयू/(तास·चौ.फूट) = ३.१५४५९ वॅट/चौ.मी.’ पुढच्या वाचणाऱ्याला मग तुमच्या आकड्यातले खरे अंक किती आणि एकक बदलल्यामुळे आलेले किती, हे वेगळं काढता येतं.